कर्नलची कामं मागे ढकलून बूट वेळ कमी करणे: नक्की काय ढकलता येतं?

उंबरठा:
चार कोअरचं ६४-बिट आर्म बोर्ड, कर्नल ६.६, रूट (मुख्य फाइलसिस्टम) ईएमएमसी या बोर्डावरच्या फ्लॅशवर एक्स्ट४, इनिटरामएफएस (रूटआधी रॅममध्ये उघडणारी तात्पुरती फाइलसिस्टम) नाही, वर सिस्टमडी (इनिट, म्हणजे बाकीच्या सर्व्हिस उठवणारी पहिली प्रोसेस). काम गाडीच्या रिव्हर्स कॅमेऱ्याचं. अमेरिकेतला नियम (एफएमव्हीएसएस १११) गाडी रिव्हर्सला टाकल्यापासून २ सेकंदांत मागचं चित्र मागतो. म्हणजे कॅमेरा आणि डिस्प्ले आधी हवेत. यूएसबी, साउंड, इथरनेट, ब्लूटूथ मागाहून उठले तरी कुणाचं काही अडत नाही.

दोन गोष्टी करून झाल्या. या मागच्या ड्रायव्हर्सचं मॉड्यूल_इनिट बदलून लेट_इनिटकॉल केलं (इनिटकॉल म्हणजे बूट होताना कर्नल चालवतो ती सुरुवातीची फंक्शन्स), आणि कमांडलाइनवर ड्रायव्हर_असिंक_प्रोब=* घातलं (प्रोब म्हणजे ड्रायव्हरने आपलं डिव्हाइस ताब्यात घेऊन उठवणं, असिंक म्हणजे इतरांसाठी न थांबता). पहिल्याने काडीचा फरक नाही, दुसऱ्याने किंचित. इनिट सुरू व्हायची वेळ जवळपास तिथेच. कर्नलला "हे नंतर कर" असं सांगायची सोय मेनलाइनमध्ये (मूळ अधिकृत कर्नलमध्ये) आहे का?

खटपट्या:
सोयीचं नंतर बोलू. आधी वेळ कुठे जातोय ते मोजलंत का? लोक यूएसबीला शिव्या देतात आणि वेळ खात असते सिरियल (लॉग बाहेर छापणारी संथ लाइन).

कमांडलाइनवर हे चार घाला: इनिटकॉल_डीबग, प्रिंटके.टाइम=१, लॉग_बफ_लेन=४एम, आणि क्वाएट. (नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, कमांडलाइनवर अर्थातच रोमनमध्ये जातात.) कर्नल कॉन्फिगमध्ये कॉलसिम्स चालू हवं, नाहीतर फंक्शनच्या नावाऐवजी नुसते पत्ते दिसतील. इनिटकॉल_डीबगच्या ओळी डीबग पातळीवर छापल्या जातात, त्यामुळे क्वाएट असलं तरी बफरमध्ये पडतात आणि बूट झाल्यावर डीमेसेजमधून काढता येतात. क्वाएट विसरलात तर बूटच्या नेहमीच्या शेकडो ओळी सिरियलवर जातील आणि तुम्ही ड्रायव्हरऐवजी सिरियलचाच वेळ मोजत बसाल.

हिशेब करून बघा. ११५२०० बॉडला एका अक्षराला १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ११५२० अक्षरं. ८० अक्षरांची एक ओळ जवळपास ७ मिलिसेकंद. ४०० ओळी छापल्या की पावणेतीन सेकंद गेले, आणि त्यात कुठल्याच ड्रायव्हरचा दोष नाही. अर्लीकॉन चालू असेल तर तेही काढा, ते एकेक अक्षर पोलिंग करून ढकलतं.

मग लॉगमध्ये "रिटर्न्ड ० आफ्टर अमुक यूसेक्स" अशा ओळी शोधून शेवटच्या आकड्यावर सॉर्ट करा. दोन प्रकारच्या ओळी सापडतील: इनिटकॉलच्या, आणि "प्रोब ऑफ अमुक" अशा एकेका डिव्हाइसच्या. दुसऱ्या जास्त कामाच्या, कारण एकाच ड्रायव्हरच्या इनिटकॉलमध्ये चार डिव्हाइसचे प्रोब होऊन गेलेले असतात. चित्र हवं असेल तर कर्नलच्याच स्क्रिप्ट्स फोल्डरमधलं बूटग्राफ.पीएल हा लॉग घेऊन एसव्हीजी काढून देतं.

आणि कर्नलचं घड्याळ शून्यावरून सुरू होतं ते कर्नल उठल्यावर. त्याआधीचा बूटलोडर, यू-बूट, त्यात नाही. पॉवर दिल्यापासून मोजायचं तर सिरियलच्या दुसऱ्या टोकाला ग्रॅबसिरियल लावा, ते प्रत्येक ओळीवर स्वतःचा वेळ टाकतं. नाहीतर एक जीपीआयओ (चिपची पिन) हलवून लॉजिक ॲनालायझरवर बघा. यू-बूटचा बूटडिले बहुतेक बोर्डांवर २ सेकंद असतो. तो तसाच असेल तर बाकी सगळी चर्चा म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

सावकाश:
मोजणं बरोबरच. पण उंबरठा यांच्या दोन्ही उपायांनी काम का झालं नाही तेही सांगायला हवं, कारण ही चूक सर्रास होते.

इनिटकॉल पातळ्यांनी चालतात: अर्ली, मग प्युअर, कोअर, पोस्टकोअर, आर्च, सबसिस, एफएस, डिव्हाइस आणि शेवटी लेट. बिल्ट-इन (कर्नलमध्येच भरलेल्या) ड्रायव्हरचं मॉड्यूल_इनिट म्हणजे डिव्हाइस पातळी. ते लेट केलंत म्हणजे रांगेतल्या माणसाला रांगेच्या शेवटी उभं केलंत. पण दुकान बंद होतं ते सगळी रांग संपल्यावर. सगळे इनिटकॉल आटोपल्याशिवाय यूजरस्पेस (कर्नलबाहेरचे प्रोग्राम) येतच नाही, त्यामुळे बेरीज तेवढीच.

आता असिंक. इनिट/मेन.सी उघडा आणि कर्नल_इनिट हे फंक्शन वाचा. क्रम असा आहे: आधी कर्नल_इनिट_फ्रीएबल (इनिटकॉल याच्या पोटात), मग असिंक_सिंक्रोनाइझ_फुल, मग फ्री_इनिटमेम, मग मार्क_रीडओन्ली, आणि त्यानंतर कुठे इनिट प्रोसेस. म्हणजे असिंक म्हणून सोडलेलं प्रत्येक काम संपेपर्यंत कर्नल दारातच उभा असतो. कारण साधं आहे: त्या कामांत __इनिट फंक्शन्स (फक्त बूटपुरती लागणारी) असू शकतात आणि पुढच्याच पावलाला ती मेमरी मोकळी व्हायची आहे. तुमच्याकडे इनिटरामएफएस नाही, म्हणून त्याच्याही आधी प्रिपेअर_नेमस्पेसमध्ये वेट_फॉर_डिव्हाइस_प्रोब लागतो. रूट माउंट करण्यापूर्वीच एक थांबा.

तेव्हा असिंकने कामं एकमेकांशेजारी चालतात, मागे जात नाहीत. सगळ्यात लांब प्रोब जेवढा, तेवढा वेळ जाणारच. एकामागून एक तीन ड्रायव्हर प्रत्येकी २०० मिलिसेकंद एमस्लीपमध्ये झोपत असतील तर असिंकने ६०० चे २०० होतात. तेच तिघं सीपीयू जाळत असतील आणि कोअर एकच असेल, तर काहीच होत नाही.

ही असिंकची यंत्रणा अर्जन व्हॅन डी व्हेन यांची, २००९ च्या २.६.२९ मध्ये आली. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी आणि ऑके कोक यांनी ईई पीसी हा छोटा लॅपटॉप पाच सेकंदांत बूट करून दाखवला होता. त्यांनी आधी वेळेची वाटणी केली, कर्नलला १ सेकंद, आणि मग त्यात बसवलं. तुम्हीही तसंच करा: कर्नलला किती द्यायचे ते आधी ठरवा.

तांब्या:
मग ते "डिफर्ड प्रोब" म्हणून जे असतं ते काय? लॉगमध्ये -५१७ दिसतं ते. नावावरून तर हेच वाटतं.

सावकाश:
नाव सारखं, गोत्र वेगळं. -५१७ म्हणजे ईप्रोब_डिफर. ड्रायव्हर म्हणतो, "मला लागणारा क्लॉक किंवा रेग्युलेटर (वीजपुरवठा) अजून आला नाही, मला नंतर बोलाव." त्याने वेळ वाचत नाही, उलट जातो, कारण अर्धा प्रोब करून मागे फिरायचं आणि पुन्हा पहिल्यापासून करायचं. शिवाय या यादीतल्यांना पुन्हा बोलावणं सुरू होतं ते थेट लेट_इनिटकॉलला. तुमचा कॅमेरा सेन्सर त्याच्या आयटूसी कंट्रोलरआधी प्रोब झाला आणि ५१७ देऊन बसला, तर मधल्या सगळ्या ड्रायव्हर्सचं होईपर्यंत तो बसूनच राहील. तुमच्या बाबतीत हाच सगळ्यात महाग प्रकार असू शकतो. एफडब्ल्यू_डेव्हलिंक चालू असेल तर डिव्हाइस ट्रीवरून (बोर्डावर काय काय आहे त्याचं वर्णन) क्रम बराच आधी कळतो आणि अर्धवट प्रोब टळतात, पण थांबणं टळत नाही.

कोण अडकलंय ते बूटनंतर डीबगएफएसमधल्या डिव्हाइसेस_डिफर्ड या फाइलमध्ये दिसतं. पुष्कळदा तिथे कारणही लिहिलेलं असतं.

उंबरठा:
मोजलं. यादीत सगळ्यात वर जे निघालं ते पाहून थक्क झालो: रेड६_सिलेक्ट_अल्गो. या बोर्डावर एकच ईएमएमसी आहे. रेड (अनेक डिस्क मिळून वापरायची पद्धत) कुठून आलं?

खटपट्या:
बीटीआरएफएस ही फाइलसिस्टम बिल्ट-इन आहे का बघा. ते रेड६_पीक्यू ओढून आणतं. हा कोड सबसिस पातळीला उठतो आणि कुठली पद्धत वेगवान ते प्रत्यक्ष चालवून बघतो, प्रत्येक पद्धतीला १६ जिफी (जिफी म्हणजे कर्नलच्या घड्याळाचा ठोका, सेकंदाला किती ते हर्ट्झ सांगतो). हर्ट्झ २५० असेल तर १६ जिफी म्हणजे ६४ मिलिसेकंद, हर्ट्झ १०० असेल तर १६०. तुमच्या आर्मवर नियॉनच्याच (प्रोसेसरच्या वेगवान गणिती सूचनांच्या) चार पद्धती आहेत, म्हणजे २५० ला चौघींचे मिळून २५६ मिलिसेकंद.

बीटीआरएफएस नको असेल तर काढा. हवंच असेल तर रेड६_पीक्यू_बेंचमार्क हे कॉन्फिग बंद करा, मग मोजत न बसता प्राधान्याने वरची पद्धत उचलली जाते. क्रिप्टोच्या सेल्फ-टेस्टही त्याच जातकुळीच्या, त्याही बघून घ्या. असली कामं मागे ढकलायची नसतात, मुळातूनच उपटायची. ढकलाढकलीचा विचार करायचा तो हे सगळं निघाल्यावर उरतं त्याच्यासाठी.

मध्यरात्र:
उरलेल्यासाठी मेनलाइनमधला सरळ मार्ग एकच: बिल्ट-इनचं मॉड्यूल (नंतर चढवता येणारा तुकडा) करा. मॉड्यूल यूजरस्पेस आल्यावरच चढतं, म्हणजे आपोआप मागे गेलं. मात्र कॉन्फिगमध्ये नुसतं वाय (बिल्ट-इन) चं एम (मॉड्यूल) करून भागत नाही, तीन ठिकाणी घोडं अडतं.

पहिलं, केकॉन्फिगमध्ये (कर्नलच्या पर्यायांच्या यादीत) तो पर्याय ट्रायस्टेट (वाय, एम किंवा नाही) हवा. बूल (फक्त वाय किंवा नाही) असेल तर एम मिळणारच नाही.

दुसरं, युडेव्ह (डिव्हाइस दिसलं की कामाला लागणारा सिस्टमडीचा भाग). सिस्टमडी उठल्याबरोबर युडेव्ह सगळ्या डिव्हाइसना ट्रिगर करतो, मॉडेलियास (डिव्हाइसची ओळख) जुळला की मॉड्यूल चढवतो. म्हणजे कॅमेऱ्याचं ॲप उठत असतानाच यूएसबी, साउंड, ब्लूटूथ सगळे ईएमएमसीवर तुटून पडतात. आगीतून फुफाट्यात. त्यासाठी /ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये एक फाइल करून या मॉड्यूल्सच्या ब्लॅकलिस्ट ओळी घाला. ब्लॅकलिस्ट फक्त आपोआप चढणं रोखते, नाव घेऊन मॉडप्रोब केलं तर मॉड्यूल चढतं. अगदी हेच हवंय. "इन्स्टॉल अमुक /बिन/ट्रू" ही ओळ मात्र घालू नका, ती नाव घेऊन चढवणंही अडवते. आणि ब्लॅकलिस्ट केलेलं मॉड्यूल दुसऱ्या एखाद्या मॉड्यूलला लागत असेल तर ते त्याच्या मागोमाग येईलच, म्हणून डिपेंडन्सी बघून पूर्ण साखळीच ब्लॅकलिस्टमध्ये टाका.

तिसरं, केव्हा चढवायचं. एक छोटी सर्व्हिस: टाइप=वनशॉट, आफ्टर=कॅमेरा.सर्व्हिस, एक्झेकस्टार्टमध्ये मॉडप्रोब -ए आणि मॉड्यूल्सची यादी. इथली खोच अशी की कॅमेरा.सर्व्हिस टाइप=सिंपल असेल तर "आफ्टर"चा अर्थ फक्त "प्रोसेस जन्माला आल्यावर" इतकाच. चित्राचा पत्ता नसताना मॉड्यूल्स चढायला लागतात. ती टाइप=नोटिफाय करा, आणि ॲपमध्ये पहिली फ्रेम पडद्यावर गेल्यानंतरच एसडी_नोटिफायने रेडी=१ पाठवा. आता "आफ्टर" म्हणजे खरोखर "चित्र दिसल्यावर".

उंबरठा:
नोटिफायचा मुद्दा लक्षातच आला नव्हता. पण आमच्या एसओसीच्या (मुख्य चिपच्या) व्हेंडर कर्नलमध्ये दोन ड्रायव्हर बूल आहेत आणि त्यांचे सिंबल एक्सपोर्ट केलेले नाहीत. मॉड्यूल करायचं म्हणजे बरीच तोडफोड. ते डिफर्ड_मॉड्यूल_इनिट नावाचं काहीतरी वाचलंय, ते चालेल का?

शून्यवी_ओळ:
तो टिम बर्ड यांचा जुना पॅच. मेनलाइनमध्ये कधीच गेला नाही, पण एम्बेडेडवाल्यांकडे वर्षानुवर्षं फिरतोय. कल्पना सुटसुटीत आहे: ड्रायव्हरमध्ये मॉड्यूल_इनिटच्या जागी डिफर्ड_मॉड्यूल_इनिट लिहायचं, लिंकर स्क्रिप्टमध्ये त्या फंक्शन्ससाठी वेगळा सेक्शन, आणि /प्रॉक/डिफर्ड_इनिटकॉल्स ही फाइल. यूजरस्पेसने सवडीने ती फाइल कॅट केली की राहिलेले इनिटकॉल चालतात आणि त्यानंतर इनिट मेमरी मोकळी होते. म्हणजे फ्री_इनिटमेम नेहमीच्या जागेवरून उचलून इथे आणलेलं आहे. हे उचलायला विसरलात तर मोकळ्या झालेल्या मेमरीत उडी पडते. एक्स८६ वर ती जागा ०एक्ससीसी ने भरलेली असते, आर्म६४ वर तर तिचं मॅपिंगच काढून टाकलेलं असतं. दोन्हीकडे ऊप्स (कर्नलची गंभीर चूक).

हे झालं जुन्या कर्नलपुरतं. नव्यात आणखी एक सुरुंग आहे: मार्क_रीडओन्ली. ज्या व्हेरिएबलवर __आरओ_आफ्टर_इनिट लिहिलेलं असतं ते या पावलानंतर फक्त वाचता येतं. तुमचा मागे ढकललेला इनिटकॉल त्यात काही लिहायला गेला की राइट फॉल्ट. पॅच जसाच्या तसा ६.६ ला चिकटवून "कंपाइल झालं" म्हणून खूश होणारे इथेच आपटतात. मार्ग दोन: त्या ड्रायव्हरपुरती ती खूण काढून टाकायची, किंवा मार्क_रीडओन्लीही मागे न्यायचं. दुसऱ्यात यूजरस्पेस चालू असताना कर्नलचा रीडओन्ली डेटा काही काळ लिहिण्याजोगा राहतो. गाडीतल्या वस्तूला मी ते करणार नाही.

तिसरा पर्यायही आहे आणि मला तोच बरा वाटतो: ढकलायच्या ड्रायव्हरमधल्या __इनिट, __इनिटडेटा, __इनिटकॉन्स्ट सगळ्या खुणा काढा. मग फ्री_इनिटमेम जागच्या जागी राहू द्या. थोडी रॅम कायमची गेली, पण क्रम बिघडला नाही. काही खूण राहून गेली असेल तर मॉडपोस्ट सेक्शन मिसमॅचचा इशारा देतो. तो इशारा इथे एररसारखाच माना. ड्रायव्हर प्लॅटफॉर्म_ड्रायव्हर_प्रोब वापरत असेल तर त्याचा प्रोबच बहुधा __इनिट असतो, तो आधी साध्या प्लॅटफॉर्म_ड्रायव्हर_रजिस्टरवर आणा.

तांब्या:
यात एक मधला मार्ग राहिला. इनिटकॉलला हात न लावता ड्रायव्हरच्या प्रोबमधलं जड काम वर्कक्यूवर (कर्नलमधल्या मागाहून करायच्या कामांच्या रांगेवर) टाका. प्रोबने रजिस्टर मॅप करावेत, आयआरक्यू घ्यावा, शेड्यूल_डिलेड_वर्क करून मोकळं व्हावं. फर्मवेअर चढवणं, चिप रीसेट करून थांबणं, कॅलिब्रेशन हे सगळं त्या वर्कमध्ये. साध्या वर्कक्यूसाठी असिंक_सिंक्रोनाइझ_फुल थांबत नाही, म्हणजे इनिट खरंच आधी सुरू होतो.

पथ्यं: वर्कमधलं एकही फंक्शन __इनिट नको. रिमूव्हमध्ये कॅन्सल_डिलेड_वर्क_सिंक हवंच. आणि यूजरस्पेसला दिसणारी नोंदणी (साउंडकार्ड, नेटडेव्ह, व्ही४एल नोड) त्या वर्कच्या शेवटी करा. आधी नोंदवलंत तर कुणीतरी अर्धवट उठलेलं डिव्हाइस उघडणारच.

फर्मवेअरचं बोललो म्हणून: बिल्ट-इन ड्रायव्हर प्रोबमध्ये रिक्वेस्ट_फर्मवेअर करतो तेव्हा रूट माउंटच झालेलं नसतं. फाइल सापडत नाही. कर्नलमध्ये यूजर हेल्पर फॉलबॅक चालू असेल तर तो यूजरस्पेसची वाट बघतो, मुदत ६० सेकंद. बूट एक मिनिट ठप्प आणि लॉगमध्ये एखादीच ओळ. तो फॉलबॅक बंद करा. फर्मवेअर कर्नलमध्येच भरा किंवा ड्रायव्हर मॉड्यूल करा.

जाडजूड:
धागा एम्बेडेडचा आहे, तरी सर्व्हरवाल्यांसाठी चार ओळी. तिकडे मागे ढकलायचं काम म्हणजे मेमरी. दर ४ केबी पानामागे ६४ बाइटचं स्ट्रक्ट पेज, म्हणजे त्या पानाची नोंद. १ टीबी रॅम म्हणजे सुमारे २६ कोटी ८४ लाख पानं आणि नुसती स्ट्रक्ट पेजेस १६ जीबी. हे सगळं एकाच सीपीयूने भरायचं म्हणजे सेकंदच्या सेकंद. मेल गॉर्मन यांच्या कामातून २०१५ च्या ४.२ मध्ये डिफर्ड_स्ट्रक्ट_पेज_इनिट आलं: सुरुवातीला लागेल तेवढीच पानं तयार करायची, बाकीची प्रत्येक नोडचा (मेमरीच्या एकेका गटाचा) स्वतंत्र थ्रेड नंतर भरतो. २०२० मध्ये एका नोडमधलं कामही अनेक थ्रेड्समध्ये वाटता येऊ लागलं. लॉगमध्ये "नोड ० डिफर्ड पेजेस इनिशियलाइज्ड" अशी ओळ वेळेसकट दिसते.

सावकाश यांनी वर जे म्हटलं ते इथेही लागू. नाव डिफर्ड, पण पेज_अलॉक_इनिट_लेट सगळे थ्रेड संपेपर्यंत थांबतो आणि मगच ड्रायव्हर्सचे इनिटकॉल सुरू होतात. खरा फायदा समांतर चालण्याचा. २ जीबीच्या बोर्डावर स्ट्रक्ट पेजेस ३२ एमबी भरतात, तिथे यातून हाताला काही लागणार नाही.

आणि मोठ्या सर्व्हरवर मदरबोर्डचं फर्मवेअर मिनिटं खात असेल तर कर्नल कितीही घासूनपुसून उपयोग नाही. फक्त कर्नल बदलायला रीबूट करत असाल तर केएक्झेक वापरा, फर्मवेअर पूर्ण टळतं.

उंबरठा:
यूएसबी, साउंड, इथरनेट मॉड्यूल केले; ते दोन बूल ड्रायव्हर तांब्या म्हणाले तसे वर्कक्यूवर. इनिट आता बराच आधी येतो. पण दोन नव्या भानगडी. एक, कधी रूट एमएमसीबीएलके० वर सापडतं, कधी एमएमसीबीएलके१ वर. दोन, यू-बूटचा लोगो मधेच गायब होऊन पडदा काळा पडतो, आणि डिस्प्लेचं मॉड्यूल चढलं की परत येतो. डिस्प्लेही मॉड्यूल केला होता, तो जड आहे म्हणून.

मध्यरात्र:
पहिली भानगड तुमच्या बदलांची नाही. ५.१० पासून बहुतेक एमएमसी ड्रायव्हर असिंक प्रोब होतात. एसडी कार्ड आणि ईएमएमसी यांत जो आधी पोचेल त्याला ०. त्याच ५.१० पासून डिव्हाइस ट्रीच्या एलियासेसमध्ये एमएमसी० आणि एमएमसी१ ठरवून देता येतात, ते द्या. आणि कमांडलाइनवर रूट=पार्टयूयूआयडी=अमुक लिहा, म्हणजे नंबराशी संबंधच उरत नाही. सोबत रूटवेट ठेवा. रूटडिले=५ सारखं काही राहिलं असेल तर काढा. रूटवेट डिव्हाइस दिसताच पुढे जातं, रूटडिले डिव्हाइस आलेलं असलं तरी ५ सेकंद मोजून झोपतं. इथरनेटचे नंबर असेच उलटसुलट झाले तर सिस्टमडीच्या .लिंक फाइलमध्ये पाथवरून नाव बांधा.

सावकाश:
दुसरी भानगड ही मागे ढकलण्याचीच किंमत. लेट_इनिटकॉल_सिंक या अगदी शेवटच्या पायरीला क्लॉकचं फ्रेमवर्क झाडू मारतं: क्लॉक_डिसेबल_अनयूज्ड. बूटलोडरने चालू ठेवलेला पण कर्नलमधल्या कुणी "माझा" म्हणून न घेतलेला प्रत्येक क्लॉक बंद. डिस्प्लेचा ड्रायव्हर बिल्ट-इन असता तर तोवर त्याने पिक्सेल क्लॉक घेतला असता. तो आता मॉड्यूलमध्ये, म्हणजे अजून आलाच नाही. क्लॉक बेवारस ठरला, लोगो गेला. पॉवर डोमेन्सचंही असंच होतं. रेग्युलेटरच्या बाबतीत कर्नल ३० सेकंद कळ काढतो आणि मग बंद करतो, म्हणून तो दोष टेबलावर पटकन दिसत नाही: मॉड्यूल ३० सेकंदांनंतर चढलं तरच उघडा पडतो.

खात्री करायला एकदा क्लॉक_इग्नोर_अनयूज्ड घालून बूट करा. लोगो टिकला तर निदान पक्कं.

उंबरठा:
टिकला. हेच कायम ठेवलं तर?

सावकाश:
नको. त्याने बोर्डावरचे सगळेच बेवारस क्लॉक चालू राहतात. वीज आणि उष्णता दोन्ही वाढते, आणि उद्या एखाद्या ड्रायव्हरने स्वतःचा क्लॉक चालू करायचा विसरला तरी ते कळणार नाही.

डिव्हाइस ट्रीमध्ये सिंपल-फ्रेमबफर नोड टाका: यू-बूटने जिथे लोगो काढलाय तो रॅमचा पत्ता, रुंदी, उंची, स्ट्राइड, फॉरमॅट, आणि त्याच नोडमध्ये डिस्प्लेचे क्लॉक्स आणि सप्लाय. सिंपलएफबी बिल्ट-इन ठेवा, ते अगदी हलकं आहे. ते क्लॉक आणि रेग्युलेटर हातात धरून ठेवतं आणि खरा ड्रायव्हर आल्यावर सोडतं. त्या रॅमच्या तुकड्याला रिझर्व्ह्ड-मेमरीमध्येही नोंदवा, नाहीतर कर्नल ती पानं दुसऱ्याला देईल आणि लोगोवर कचरा दिसेल.

बाकी, कॅमेऱ्याला डिस्प्ले लागतोच. मग तो ड्रायव्हर मागे का ढकललाय?

उंबरठा:
प्रोबमध्ये पॅनेलच्या रीसेटनंतर मोठा एमस्लीप आहे, म्हणून.

तांब्या:
मग तो परत बिल्ट-इन करा आणि प्रोबटाइपमध्ये प्रोब_प्रिफर_असिंक्रोनस लावा. झोपणाऱ्या प्रोबला असिंक, रूट माउंटला त्याच्यासाठी थांबावं लागलं तरी बाकीचे प्रोब त्याच वेळात उरकतात. आणि पॅनेल यू-बूटनेच चालू करून दिलंय, तर तो रीसेट पुन्हा करायची गरज आहे का तेही डेटाशीटमध्ये बघा. नसेल तर रीसेटचा जीपीआयओ आउट_लो ऐवजी ॲज_इज म्हणून मागा, नाहीतर नुसत्या मागणीनेच पिन हलेल आणि पॅनेल शून्यापासून सुरू होईल.